घाट उतरताना

सकाळी किल्ली अर्धी फिरवायची आणि थांबायचं. डॅशबोर्डवर पिवळ्या वेटोळ्याचा एक दिवा लागतो. आमचे मिस्त्री त्याला 'हीटर' म्हणतात. थंडीच्या दिवसांत तो जरा जास्त वेळ रेंगाळतो. तो विझला की किल्ली पुरती फिरवायची. आधी कण्हल्यासारखा आवाज, मग सगळ्या अंगाला एक हिसका, आणि मग तो खडखडाट. पहिला मिनिटभर तो टोचतो. ऑइल वर चढलं की हळूहळू त्याच्या कडा झिजतात आणि तो गोल होत जातो. नऊ वर्षं माझी सकाळ या आवाजानं उजाडली. त्याच्या आधी रोज आणखी एक आवाज व्हायचा. तो कानावर पडत होता, पण माझं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. तळमजल्यावरच्या आईच्या खोलीची खिडकी लागल्याचा आवाज.

आता अंगणात अधूनमधून दुसरी गाडी येऊन उभी राहते. धाकट्या भावाची. तिच्यात किल्ली फिरवायची नसते. ब्रेकवर पाय ठेवून बटण दाबलं की समोर तयार असल्याची खूण उमटते, बस्स. आई पहिल्यांदा त्या गाडीत बसली तेव्हा गाडी फाटकाबाहेर पडून कोपऱ्यावर वळली तरी ती विचारत होती, "अरे, सुरू कधी करणार?"

घरात या दोघींना थोरली आणि धाकटी अशी नावं पडली. कोणी ठेवली ते आठवत नाही. भावाभावांवरूनच पडली असणार.

थोरली म्हणजे 2008 सालची सफारी, 2.2 लिटरच्या डिझेल इंजिनाची. मी ती 2014 च्या मार्चमध्ये तासगावच्या एका द्राक्षबागायतदाराकडून घेतली. मीटरवर 1,18,000 किलोमीटर होते आणि मागच्या सीटच्या फटींत बेदाणे. मिस्त्रींना मी सोबत नेलं होतं. त्यांनी रंग पाहिला नाही, टायर पाहिले नाहीत. इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण काढलं आणि त्या तोंडावर तळहात धरला. थोडा वेळ तसेच उभे राहिले, एखाद्याची नाडी बघावी तसे. मग हात पुसत म्हणाले, "हवा मारत नाही. घ्या." पिस्टनच्या अंगठ्या झिजल्या की सिलिंडरमधला दाब खाली गळतो आणि त्या झाकणातून फुसफुसत वर येतो, हे त्यांनी मला परतीच्या वाटेवर समजावलं. लाखांचा व्यवहार एका तळहातावर ठरला होता.

अशी उंच, दणकट, डिझेलवरची गाडी ही आमच्या पिढीच्या महाराष्ट्राची खास ओळखीची गोष्ट आहे. 1994 साली पुण्यातून सुमो आली. तिचं नाव सुमंत मुळगावकरांच्या नाव-आडनावाच्या रोमन लिपीतल्या पहिल्या दोन-दोन अक्षरांवरून ठेवलेलं. ज्यांनी टेल्कोचा पुण्याचा कारखाना उभा केला, त्यांचं नाव पुढे लग्नाच्या वऱ्हाडापासून कारखान्याच्या चेअरमनपर्यंत सगळ्यांच्या दारात उभं राहिलं. 1998 मध्ये सफारी आली. 2002 मध्ये नाशिकहून स्कॉर्पिओ निघाली, आणि देशात आखून देशातच घडवलेली गाडी म्हणून तिचं किती कौतुक झालं ते मला चांगलं आठवतं. रस्ता नसला तरी जाता येईल, ही या गाड्यांची पहिली देणगी होती. दुसरी देणगी डिझेलच्या भावाची. तेव्हा तो सरकार ठरवत असे आणि पेट्रोलपेक्षा तो बराच कमी असे. मी गाडी घेतली त्याच वर्षी, ऑक्टोबर 2014 मध्ये, ते नियंत्रण उठलं. त्यानंतर दोन्ही भाव एकमेकांजवळ सरकत गेले आणि डिझेल घेण्यामागचं हिशेबी कारण विरघळत गेलं. माझ्याकडे उरलं ते दुसरं कारण. मला ते इंजिन आवडत होतं.

का आवडत होतं, ते सांगायचं तर रुडॉल्फ डिझेलपर्यंत जावं लागेल. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी टाकावी लागते. 1890 च्या दशकात या जर्मन इंजिनिअरनं ठरवलं की ठिणगी नकोच. हवा इतकी दाबायची की ती आपोआप शेकडो अंश तापेल. मग तिच्यात इंधनाचा फवारा सोडला की तो स्वतःच पेट घेईल. 1897 मध्ये आउग्सबुर्गला त्याचं इंजिन नीट चाललं. 1900 च्या पॅरिस प्रदर्शनात त्याच्या पद्धतीचं एक इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. आणि सप्टेंबर 1913 मध्ये इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवरून हा माणूस रात्रीतून नाहीसा झाला. पुढे समुद्रात त्याचं शव सापडलं, पण तो कसा गेला याचा उलगडा कधी झाला नाही. माझ्या अंगणातला तो खडखडाट म्हणजे त्यानं मांडलेली गोष्ट. दाबलेली हवा आणि आपोआप घडणारे छोटे स्फोट. तो आवाज इंजिनाचा स्वभाव आहे, तक्रार नव्हे. आणि थोरलीची खरी ताकद वेगात नाही, खालच्या फेऱ्यांत आहे. सतराशेच्या आसपास फेरे झाले की 320 न्यूटन-मीटरचा तो जोर येतो. पाठीमागून कुणीतरी दोन्ही तळवे टेकवून ढकलावं तसा. भरलेली गाडी चढावर दुसऱ्या गिअरमध्ये ज्या शांतपणे वर सरकते, ते ज्यानं अनुभवलं आहे त्याला निराळं सांगायला नको.

मिस्त्री या आवाजावर निदान करत. लांब दांड्याच्या डिसमिसचं टोक एकेका इंजेक्टरवर टेकवायचे आणि मूठ कानाच्या मागे हाडाला लावायचे. डोळे मिटलेले. "तिसरा जरा जड बोलतोय," म्हणायचे. माझा भाऊ छातीच्या विकारांचा डॉक्टर आहे. एकदा तो गॅरेजमध्ये सोबत आला होता आणि हे बघून अवाक झाला. त्यानं खिशातला स्टेथोस्कोप काढून मिस्त्रींना दिला. त्यांनी तो लावून पाहिला आणि अदबीनं परत केला. "यात बाकीचं सगळंच ऐकू येतं साहेब. मला एकच ऐकायचंय."

हे ऐकणं हळूहळू माझ्यातही उतरलं. काच उघडी ठेवून भिंतीशेजारून गाडी नेली की आवाज आपटून परत येतो आणि त्यात सगळं कळतं. पट्टा सुकला आहे, बेअरिंग गुणगुणायला लागलं आहे, सायलेन्सरची पकड सैल आहे. एकदा मल्हारपेठच्या अलीकडे माझ्याच हलगर्जीपणानं टाकी कोरडी पडली. डिझेल आणून भरलं तरी गाडी उठेना. नळीत हवा धरली होती. फिल्टरवरचा हातपंप दाबत मी अर्धा तास उन्हात वाकून बसलो होतो. आधी नुसता पोकळ फुसका दाब, मग एकाएकी तळव्याखाली घट्टपणा आला. द्रव आल्याचा घट्टपणा. तो क्षण माझ्या हाताला अजून आठवतो. एखादी वस्तू आपली होते ती विकत घेतल्यानं नव्हे, तिच्या दुखण्यात हात घातल्यानं, असं मला तेव्हा मनापासून वाटलं होतं आणि अजूनही वाटतं.

आमचं गाव चिपळूणच्या पुढे, वाशिष्ठीच्या काठचं. पुण्याहून उंब्रज, पाटण, कोयनानगर, हेळवाक असं करत कुंभार्ली घाटाच्या तोंडाशी यायचं आणि मग खाली पोफळी. पोफळी हे आमच्यासाठी नुसतं घाटपायथ्याचं गाव नाही. वडील तिथल्या वीजगृहात नोकरीला होते. माझं लहानपण त्या वसाहतीत गेलं.

कोयनेची गोष्ट मराठी माणसाला नवी नाही, पण तिच्या पोटाशी राहिलेल्यांना ती वेगळी दिसते. कोयना खरं तर पूर्वेच्या कुळातली. कऱ्हाडला कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराकडे जाणारी. धरण बांधून तिला अडवलं आणि तिचं पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला वळवलं. ते पाणी शेकडो मीटर खाली कोसळतं आणि डोंगराच्या आत खोदलेल्या वीजगृहात जनित्रं फिरवतं. 1962 मध्ये पहिली वीज निघाली. पुढे टप्पे वाढत गेले आणि आज सगळ्यांची मिळून क्षमता 1,960 मेगावॅट आहे. काम करून दमलेलं पाणी वाशिष्ठीत सोडतात. त्याला अवजल म्हणतात. आम्ही मुलं त्या अवजलाच्या गार धारेत पाय सोडून बसायचो. एकदा मी वडिलांना विचारलं की पाण्यातली वीज काढून घेतल्यावर पाण्याचं काय कमी होतं? ते म्हणाले, "काहीच नाही. फक्त त्याची उंची गेली."

राज्याच्या कारखान्यांना वीज पाठवणाऱ्या त्या वसाहतीत आई चुलीवर स्वयंपाक करत होती. घरात दिवा विजेचा, पण आच लाकडाची. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा तिनं तीन वर्षांच्या मला उचलून अंगणात धाव घेतली. तिला त्यातला हादरा फारसा आठवत नाही, आवाज आठवतो. जमिनीखालून भरलेला ट्रक गेल्यासारखा, असं ती सांगते. कान हा आमच्या घराचा जुना अवयव आहे.

घाट कसा उतरायचा, हे वडिलांनी प्रकल्पाच्या जीप-ड्रायव्हरांकडून शिकून घेतलं होतं आणि मला शिकवलं होतं. ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर. इंजिनाला गाडी धरू दे, ब्रेकला नको. थोरली घेतल्यावर पहिल्याच पावसाळ्यात मी ते विसरलो. तिसऱ्यात, ब्रेकवर पाय ठेवून, बोलत बोलत खाली आलो. पोफळीला उतरलो तेव्हा चाकांतून करपल्याचा वास येत होता आणि ब्रेकचं पॅडल स्पंजासारखं झालं होतं. दोष सगळा माझ्या पायाचा. वडील तेव्हा हयात नव्हते. आई मागच्या सीटवरून एवढंच म्हणाली, "दुसऱ्यात घ्यायची असते रे." त्यानंतर ते कधी चुकलं नाही. कुंभार्लीच्या माथ्यावर गिअर खाली घ्यायचा आणि मग त्या इंजिनाचा सूर ऐकत उतरायचं. डिझेल जळत नाही, नुसतं कोंडलेल्या हवेशी झुंजत ते गाडीचं ओझं तोलून धरतं. त्या सुरावर आई हमखास झोपायची. हेळवाकपर्यंत जागी आणि पोफळीला जागी, मधला घाट झोपेत.

22 जुलै 2021 ला चिपळूण बुडालं. आठवड्यानं आम्ही खाली गेलो. थोरलीच्या मागच्या दोन्ही आडव्या सीटा दुमडून पाण्याची खोकी, चादरी, फिनेलचे डबे भरले होते. परतताना नात्यातल्या दोन घरांमधल्या चिखलानं जड झालेल्या गाद्या, शिलाई मशीन आणि एक कपाट टाकून आणलं. गाद्या निथळत होत्या. तो चिखलाचा वास गालिच्यात असा बसला की तीन उन्हाळे गेले तरी पहिल्या पावसाला तो परत उठतो. बाजारभाव बघणाऱ्याला तो दोष वाटेल. माझ्यासाठी ती गाडी त्या आठवड्यापासून घरातली झाली. धाकटीतही त्या गाद्या बसल्या असत्या, जागा पुरेशी आहे. पण त्या फिक्या कातड्याच्या सीटांवर कुणी त्या टाकल्या नसत्या, आणि बहुधा ज्यांच्या गाद्या होत्या त्यांनीच हात आखडला असता. महागड्या वस्तूची ही एक अडचण मला खरी वाटते. तिच्यापुढे संकटातला माणूस संकोचतो.

आता खिडकीबद्दल.

2023 मध्ये थोरलीला पंधरा वर्षं पूर्ण झाली. नोंदणी वाढवायची म्हणजे आरटीओत पासिंग, पाच हजारांचं शुल्क, वर पर्यावरण कर. मी कागद गोळा करत होतो. त्या दिवसांत धाकटा दोन रात्री आमच्याकडे मुक्कामाला होता. सकाळी मी गाडी काढायला निघालो तेव्हा तो आईच्या खोलीत तिचा रक्तदाब बघत बसला होता. संध्याकाळी मला म्हणाला, "दादा, तू हातात किल्ल्या घेतल्यास की आई उठून खिडकी लावते. तुला माहीत आहे?" मला वाटायचं, डासांसाठी लावते. "तुझ्या किल्ल्यांचा आवाज ओळखते ती," तो म्हणाला.

मी आईला विचारलं. ती म्हणाली, "धूर आत येतो जरासा. लगेच जातो. तुझी गाडी चांगली आहे." आईला दमा आहे. धाकट्याच्या मते त्याचं मूळ चुलीपुढे गेलेल्या वर्षांत आहे. म्हणजे आयुष्याचा पहिला अर्धा भाग तिनं चुलीचा धूर गिळला, आणि म्हातारपणी, जेव्हा तिला मोकळी हवा द्यायची माझी पाळी होती, तेव्हा मी रोज सकाळी तिच्या खिडकीखाली इंजिन गरम करत उभा राहिलो. ते कडा झिजून गोल होत जाणं ऐकत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं जून 2012 मध्येच डिझेलच्या धुराला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं होतं. मी गाडी घेतली त्याच्या पावणेदोन वर्षं आधी. माझी गाडी भारत-३ मानकाच्या काळातली. त्या मानकात साध्या डिझेल मोटारीला किलोमीटरमागे 50 मिलिग्रॅम काजळीकणांची मुभा होती. 1 एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या भारत-६ मध्ये ती साडेचार मिलिग्रॅमवर आली. जवळजवळ अकरावा हिस्सा. नव्या डिझेल गाड्यांच्या धुराड्यातच काजळी धरणारी गाळणी बसवलेली असते. त्यामुळे थोरली आणि धाकटी यांची तुलना डिझेल विरुद्ध हायब्रिड अशी नाहीच म्हणा. ती दोन काळांची तुलना आहे. पण माझ्या आईच्या खिडकीखाली उभा होता तो जुना काळ, आणि तो मी उभा केला होता, हे कोणत्याही आकड्यानं सौम्य होत नाही.

थोरलीचे इंजेक्टर काढून भोसरीला बेंचवर तपासून घेतले. हे काम मी दोन वर्षं पुढे ढकलत आलो होतो. धूर पुष्कळ कमी झाला. तिला विकावं का, असाही विचार आला. गिऱ्हाईक लगेच होतं. पण विकली म्हणजे ती दुसऱ्या कुणाच्या आईच्या खिडकीखाली उभी राहणार. मला ते जमलं नाही. पासिंग करून घेतलं आणि तिला गावी नेऊन ठेवलं, घरापासून लांब, आगराच्या कडेला. खत, नारळ, चिरे यासाठी ती महिन्यातून पाच-सहा वेळा निघते. हा काही निर्दोष तोडगा नव्हे. मला दुसरा सुचला नाही, एवढंच.

त्याच वर्षी धाकट्यानं गाडी घेतली. लेक्ससची एनएक्स, हायब्रिड. तिच्या किमतीत आमच्या गावाकडे ऐसपैस घर उभं राहील, आणि ते त्यालाही ठाऊक आहे. त्याला पूर्ण विजेवरची हवी होती, पण घाट आणि गावचा मुक्काम यांचा विचार करून तो या मधल्या वाटेवर आला. ही वाट तशी जुनी आहे. टोयोटानं 1997 च्या डिसेंबरमध्ये जपानात पहिली प्रियस विकायला काढली. 2005 मध्ये लेक्ससनं तीच युक्ती उंची गाडीत आणली. भारतात हे नाव 2017 ला पोचलं.

मी आधी तिच्याकडे जरा फटकूनच होतो. बोनेट उघडलं तर सगळं काळ्या आवरणाखाली. डिसमिस टेकवायला जागा नाही. पण एका रविवारी धाकट्यानं तिच्या आतल्या रचनेचं चित्र दाखवलं आणि मी त्यात बुडून गेलो. थोरलीतला गिअरबॉक्स म्हणजे दातेरी चक्रांच्या जोड्या, एक सोडून दुसरी पकडायची. धाकटीत तशा जोड्या नाहीतच. एक ग्रहमाला आहे. मधे सूर्यचक्र, त्याभोवती फिरणारी छोटी ग्रहचक्रं, आणि त्यांना वेढणारं दातेरी कडं. सूर्याला जोडलंय जनित्र, ग्रहांना धरून फिरणाऱ्या चौकटीला इंजिन, आणि कड्याला चाकं. तिघं एकाच वेळी फिरतात आणि कुणी किती फिरायचं ते एकमेकांवर ठरतं. क्लच नाही, वेगळा स्टार्टर नाही. मागच्या चाकांना स्वतःची मोटर आहे, त्यामुळे पोटाखालून जाणारा लांब शाफ्टही नाही. इंजिनसुद्धा शांत प्रकृतीचं. जेम्स अ‍ॅटकिन्सन नावाच्या इंग्रजानं 1880 च्या दशकात सुचवलेल्या कल्पनेवर बेतलेलं. आत घेतलेली हवा थोडी दाबायची, पण जळल्यावर तिला जास्त पसरू द्यायचं. अशा इंजिनाला निघतानाचा जोर कमी पडतो, तो विजेची मोटर भरून काढते. डिझेलच्या समकालीनाची, शंभर वर्षं बाजूला पडलेली ती कल्पना जोडीदार मिळाल्यावर उपयोगी पडली. हे वाचून मला फार बरं वाटलं.

तिच्यात बसल्यावर मला चुकतं ते ऐकणं. ती कधी विजेवर आहे, कधी पेट्रोलवर, कधी दोन्हीवर, हे तीच ठरवते आणि पडद्यावर बाणांनी दाखवते. मी काही विचारत नाही आणि ती काही सांगत नाही. उद्या तिच्यात काही बिघडलं तर एक दिवा लागेल, आणि तो वाचायला दुसरं यंत्र लागेल. मिस्त्रींच्या तळहाताला तिथे काम नाही, आणि त्यांचं वय झाल्यावर तो तळहात कुणाला वारशानं मिळणारही नाही. याचं मला दुःख आहे आणि ते मी लपवत नाही. पण आई त्या गाडीत पाटणपर्यंत एकदाही खोकली नाही. थोरलीत ती दर तासाला पाय मोकळे करायला उतरायची. तिच्या गुडघ्यांत इंजिनाची थरथर साठायची. धाकटीत ती मल्हारपेठेला नुसती बाहेर बघत बसली होती. उसाच्या गाड्या, कमरेएवढी ज्वारी. ऐशआराम हा शब्द मला कधी आवडला नाही. पण त्र्याऐंशी वर्षांच्या बाईला सलग दोन तास न दुखता बाहेर बघता येणं याला दुसरा शब्द माझ्याजवळ नाही.

गेल्या डिसेंबरात आम्ही तिघं निघालो. धाकटा चालवत होता, मी शेजारी, आई मागे. कोयनानगरला चहा घेतला. आईनं धरणाच्या दिशेला हात जोडले. वडील गेल्यापासून ती तसं करते. हेळवाक मागे पडलं. आईनं शाल गळ्यापर्यंत ओढली आणि माथ्यावरच्या पहिल्या वळणाला ती झोपली.

मी पडद्याकडे बघत होतो. उतार लागला तसे बाण उलटे झाले. चाकांकडून बॅटरीकडे. गाडी उतरत होती आणि मोटरी जनित्रं होऊन वीज साठवत होत्या. मला एकदम वडिलांची वसाहत आठवली. शेजारच्या त्या डोंगराच्या पोटातून या घटकेलाही पाणी असंच उतरत होतं आणि आपली उंची देऊन जात होतं. आणि इथे दोन टनांची गाडी तेच करत होती. आयुष्यभर या घाटातून मी जी उंची खाली आणली, ती सगळी ब्रेकच्या वासात आणि इंजिनाच्या घरघरीत विरून गेली होती. मी मनातल्या मनात हिशेब मांडला. दोन हजार किलो वजन, पाचशे मीटरचा उतार. पावणेतीन युनिटांच्या आसपास. घरातला पंखा दीड दिवस फिरेल एवढी वीज या घाटात आहे. धाकट्याला सांगितलं. तो म्हणाला, "पण दादा, हिच्या बॅटरीत जेमतेम एक-दीड युनिट मावतं. आणि ती कधी पूर्ण रिकामी नसतेच."

म्हणजे घाट मोठा आणि भांडं लहान.

वळणं येत होती. खाली दरीत पोफळीकडचं पाणी उन्हात चमकून गेलं. पडद्यावरची बॅटरीची रेघ वरपर्यंत चढली आणि थांबली. आणखी उतार बराच बाकी होता. धाकट्यानं पाय हलवला नव्हता, काही दाबलं नव्हतं. पण बोनेटच्या आतून हळूहळू एक आवाज उठला. इंजिन फिरायला लागलं होतं. पेट्रोल जळत नव्हतं. ठेवायला जागा नसलेली वीज इंजिनाला नुसतं फिरवत होती आणि ते कोंडलेल्या हवेशी झुंजत गाडीचं ओझं तोलून धरत होतं. सूर वर गेला आणि तिथेच टिकला. मी श्वास धरून ऐकत राहिलो.

मागे शाल सळसळली.

"दुसऱ्यात घेतलीस का रे?" आईनं विचारलं.

"मी नाही काही केलं, आई," धाकटा म्हणाला. "तिचं तिनंच घेतलं."

आई थोडा वेळ ऐकत राहिली. मग खिडकीच्या काचेवर बोटं टेकवून म्हणाली, "ही खाली कशी करायची? पोफळी आली."